अस्वलाचा खांदा

पुढच्या रांगेतल्या सगळ्या पोरांना ओलांडून अस्वल थेट तिच्याकडे आलं आणि त्याने पंजा पुढे केला. गाणं चालूच होतं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, त्यामुळे तिला हात देणं भागच पडलं. पंजा आतून रजईसारखा मऊ होता आणि त्याला बोटं चारच होती. अस्वलाने तिचा हात जोरजोरात वरखाली हलवला, मान एका बाजूला टाकली आणि ते पुन्हा रंगमंचाकडे धावलं. झालं ते एवढंच. पण धावताना त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता, आणि ते तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. लोकांचे खांदे बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अस्वलाच्या आतला आपला पोरगा ओळख दाखवणार नाही म्हणाला होता आणि दाखवून गेला की, असं तिला वाटलं.

तिच्या घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान होतं. बाई दारातून आत आली की ती आधी खांदे बघायची, मग चेहरा. चेहरा काय, माणूस हवा तसा करून आणतो. खांद्याला ते जमत नाही. पोराला कायम एकाच कडेवर घेऊन वाढवलेली बाई, खुर्चीत एका अंगावर कलून वर्षानुवर्षं लिहीत बसलेली बाई, प्रत्येकीचा एक खांदा थोडा तरी उतरलेला असायचा. ती त्या बाजूचं कापड वेगळं कापायची आणि त्याबद्दल ब्रसुद्धा काढायची नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्याकडचं अंगावर फार छान बसतं. ती म्हणायची, बसतं खरं. आता मुलाकडे परदेशी आल्यावर विमानतळावर तो समोरून चालत आला तेव्हाही तिने आधी पाहिलं ते हेच. डावा खांदा पडलेला. लहानपणी असा नव्हता. त्याच्या शाळेच्या शर्टांचं कापड तिने स्वतः बेतलं होतं, दुहेरी घडी घालून, दोन्ही बाजू एकदम. तेव्हा खोट असती तर शर्ट बोलला असता. हा कधी पडला, कसल्या ओझ्याने पडला, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण मुलाने तिच्या हातातली बॅग घेतली, "विमानात खाल्लंस का काही?" असं विचारलं, ती "हो" म्हणाली आणि ते राहून गेलं. त्यांच्यात गोष्टी अशाच राहून जायच्या.

मुलगा इथे शिकायला म्हणून आला होता आणि शिक्षण संपल्यावर या करमणुकीच्या पार्कात लागला. काम काय, तर अस्वल व्हायचं. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं की तो पोशाख धुतात कसा. आज सकाळी निघताना त्याने बजावलं होतं, दुपारच्या खेळाला ये, मी अस्वल आहे, पण हाक मारू नकोस. आत कोण आहे ते कळू द्यायचं नाही, आणि अस्वलाने तोंडातून आवाज काढायचा नाही, अगदी कुणी पाय तुडवला तरी. ती म्हणाली होती, मी कशाला पाय तुडवतेय.

खेळ उघड्यावरच होता. दगडी पायऱ्या, समोर रंगमंच, मागे खरी झाडं आणि मधोमध एक खोटं. गोष्ट तरी कसली, तर अस्वलाला झोप येतेय आणि सगळं जंगल त्याला झोपू देत नाही. कधी पक्षी येतात, कधी ढोल वाजवत बेडूक येतात, अस्वल कानावर पंजे ठेवून लोळतं, पुन्हा उठतं, झाडाच्या बुंध्याला मिठी मारून उभ्याउभ्याच घोरतं. बोलणं परकं होतं, पण झोप न येणं तिला कळत होतं. नाचणाऱ्या मुली एक गिरकी घ्यायच्या, कमरेशी हात न्यायच्या, आणि हिरवा घागरा खाली उलटून पिवळा व्हायचा. कमरेला टिचबटणं असणार, आतून पिवळं कापड दुमडून अडकवलेलं असणार, हे पहिल्या गिरकीलाच तिच्या ध्यानात आलं. तरीही दुसऱ्या गिरकीला ती पुन्हा फसली आणि मोठ्याने हसली. खोट्या झाडाच्या आतही कुणीतरी उभं होतं, कारण वारा आल्यासारखं ते मधूनमधून डुलायचं. बुंध्याचं कापड खाली लोळत होतं, चांगलं दोन बोटं आत घ्यायला हवं होतं, एवढं तिने मनात टिपलं आणि झाडाचा नाद सोडला. तिची नजर अस्वलावर होती. ते आपटलं की तिला हसू यायचं आणि लगेच लागलं तर नसेल ना, असंही वाटायचं. पुष्कळ दिवसांनी ती असं काही बघत होती ज्यातलं काहीच तिला शिवून द्यायचं नव्हतं.

पण मनात एक गोष्ट होती, आणि ती काही तिला सुखाने बसू देत नव्हती. गोष्ट म्हणजे अस्तरवाले. ती ज्यांच्याकडून अस्तर, चेनी, बटणं घ्यायची ते. त्यांना नाव होतंच की, पण दुकानात सगळे अस्तरवालेच म्हणायचे आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. एका दुपारी नमुन्यांची पिशवी बंद करता करता ते म्हणाले होते, "तुम्हीही या वेळेला एकट्याचा चहा टाकता, मीही टाकतो. एका भांड्यात होईल की." तिने विचारलं, "काय होईल?" ते म्हणाले, "चहा." आणि त्यांचे कान लाल झाले. ती जेवढं हसली तेवढीच नंतर घाबरली. नवरा गेला त्यालाही आता बराच काळ लोटला होता. तो वाईट नव्हता. त्याच्याबद्दल कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती, तिलाही नव्हती. तो जेवायचा, ताट सरकवायचा, उठायचा. अस्तरवाले तसे नव्हते. ते पाणी प्यायले की पेला विसळून पालथा घालायचे आणि मग विचारायचे, इथेच ठेवू ना? लोक काय म्हणतील याची तिला फारशी फिकीर नव्हती. लोकांची मापं तिच्याकडे होती. प्रश्न फक्त मुलाचा होता. लग्नाच्या नोंदणीची तारीख घेऊन ठेवली होती, ती परत गेल्यानंतरची. अस्तरवाले म्हणाले होते, "तुम्ही तिकडे जाताय तर मुलाला समोरासमोर विचारा. तो नको म्हणाला तर तारीख रद्द करू, आणि मी अस्तर देत राहीन. दुसरं अक्षर काढणार नाही." आणि ते खरंच काढणार नाहीत, दुसऱ्या आठवड्यापासून नुसती पिशवी उघडतील आणि मिटतील, हे तिला दिसत होतं. त्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

तर विचारायचं होतं. आल्या दिवसापासून विचारायचंच होतं. मुलाच्या स्वयंपाकघरात, बसमध्ये, त्याच्या घराखालच्या दुकानात पाव घेताना, प्रत्येक वेळी ती "अरे" म्हणायची आणि मुलगा वळून बघायचा. तो वळला की संपलं. तोंडावर बापाचेच डोळे. त्या डोळ्यांकडे बघत "लग्न" हा शब्द काढायचा म्हणजे जेवणाऱ्या नवऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं वाटायचं. मग ती विचारायची, दूध आहे का घरात? मुलालाही एव्हाना संशय आला असणार, कारण आई दुधाची चौकशी फार करायला लागली होती. ज्या बाईला गावभरच्या बाया पोटातलं सगळं सांगायच्या, तिचंच हे असं. आणि त्या तरी का सांगायच्या? ती माप घ्यायला पाठीमागे उभी राहायची म्हणून. पाठीवर टेप आली, समोर नुसती भिंत राहिली, की बाया बोलायला लागायच्या. सासूचं, नवऱ्याचं, एकीने तर नवऱ्याच्या भावाचंसुद्धा सांगितलं होतं. मग ती पुढून माप घ्यायला समोर आली की सगळ्या गप्प, आणि विषय गळ्याच्या खोलीवर. समोर चेहरा नसला की बोलता येतं, हे तिला या धंद्याने शिकवलेलं होतं, पण स्वतःसाठी कधी वापरायची वेळ आली नव्हती.

शेवटी जंगलाला अस्वलाची दया आली, सगळे गप्प झाले, अस्वल झाडाखाली झोपलं आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मग अस्वल उठून खाली आलं आणि एका छत्रीखाली उभं राहिलं. सोबत पार्कचा सदरा घातलेली एक मुलगी होती. पोरांची रांग लागली. पोरं जायची, मिठी मारायची, आया फोटो काढायच्या. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की अस्वलाला चेहरा नाही. म्हणजे आहे, चांगला पिंपाएवढा आहे, पण त्यात बापाचे डोळे नाहीत. काचेचे दोन गोल आहेत आणि ते तिच्याकडे बघत नाहीत. त्याला बोलायचीही बंदी आहे. आत मुलगा आहे, तो ऐकेल, आणि मध्येच "म्हणजे काय?" म्हणणार नाही. ती रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या पोराची आई तिच्याकडे बघून हसली. एवढ्या मोठ्या बाईला कसली हौस, असं ते हसणं असावं. असू दे म्हणून तिने पर्स काखेत घट्ट धरली.

नंबर आला तेव्हा अस्वलाने दोन्ही हात पसरले. जवळ गेल्यावर तिला त्याच्या केसाळ छातीतून साबणाचा आणि घामाचा वास आला, आणि तो वास आपल्या ओळखीचा आहे याची तिला खात्री पटली. तिने चवड्यांवर उभं राहून त्याच्या कापडी कानाशी तोंड नेलं. "अरे, तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तुला बोलायचं नाही, मला माहीत आहे. नुसतं ऐक. ते आपले अस्तरवाले आहेत ना, ते मला विचारतायत. लग्नाचं. मी अजून पक्कं काही म्हटलेलं नाही. माणूस बरा आहे रे. मलाही बरं वाटेल. तुझी हरकत नसेल तर करू का?" सदऱ्यातली मुलगी लांब हसत उभी होती, तिला यातलं काही कळत नव्हतं. अस्वल क्षणभर तसंच थांबलं. बहुधा म्हातारी थरथरतेय हे त्याला जाणवलं असावं. मग त्याने दोन्ही पंजे छातीवर ठेवले, मान खाली-वर केली, अगदी गुडघ्यांपासून, आणि तिला कवेत घेऊन इकडून तिकडे झुलवलं. मागची पोरं ओरडायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते अस्वलाला पुसलं गेलं.

बाकावर येऊन बसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. एवढं सोपं होतं हे, मग आपण इतके दिवस दुधाची चौकशी का करत होतो? तिने फोन काढला आणि अस्तरवाल्यांना लिहिलं, "विचारलं. हो म्हणाला." तिकडून लगेच उत्तर आलं, जणू माणूस फोन हातात धरूनच बसला होता. "बरं झालं. आजच बहिणीला कळवतो." आणि पाठोपाठ दुसरं, "तुम्ही जेवलात का?" ती ते वाचून एकटीच हसली. समोरून फुगेवाला गेला, शिंगं लावलेल्या दोन मुली गेल्या, खेळातले ढोल मागच्या बाजूला कुणीतरी उगाच वाजवून बघत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. तिला वाटलं, घरी गेल्यावर आधी खिडक्यांचे पडदे बदलू.

मुलगा कुंपणाच्या लहान दारातून आला. केस ओले, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर टोपीचा वळ. तिच्याशेजारी धपकन बसून त्याने पाय लांब केले.

"कसा झाला खेळ?"

"छान. किती आपटतोस रे? लागत नाही का?"

"मी कुठे आपटलो? मी झाड होतो."

तिला ते कळायला वेळ लागला. मुलगा बूट सैल करत सांगत होता. झाडवाल्याचा पाय ऐन वेळी मुरगळला, झाडात उभं राहायचं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा याला उभा केला आणि अस्वलाचं काम दुसऱ्याला दिलं. फोन आत न्यायची सोय नाही, तर कळवणार कसं? "तो चांगला करतो," मुलगा म्हणाला. "माझ्यापेक्षा उंच उडी मारतो."

"पण तो खांदा," ती म्हणाली.

"कुठला खांदा?"

तिने त्याच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. "हा. अस्वलाचाही असाच पडलेला होता. मी बघितलं ना."

मुलगा हसला. "तो अस्वलाचाच खांदा आहे, आई. ते असं चालतं. आम्हाला आरशासमोर उभं करून शिकवतात. आत कुणीही असला तरी लोकांना अस्वल एकच दिसलं पाहिजे. माझा आता घरी आल्यावरही सरळ होत नाही."

म्हणजे ओझं वगैरे काही नव्हतं. विमानतळापासून ती त्या खांद्याला जी जी कारणं लावत आली होती, एकटेपणाचं, पैशाचं, बापाविना वाढण्याचं, ती सगळी फुकट गेली. तिला आधी लाज वाटली, आणि मग बाकीचं ध्यानात आलं. कुणा परक्या माणसाच्या कानात आपण लग्नाचं विचारून आलो. तो परका झुलला, आपण त्याला होकार समजलो, आणि तो होकार आता अस्तरवाल्यांच्या बहिणीपर्यंत पोचलाही असेल. गप्प बसावं, असा विचार तिच्या मनात आला. मूग गिळून बसणं तिला नवीन नव्हतं. परत गेल्यावर फोनवर कधीतरी सांगता येईल, तिथेही चेहरा नसतोच.

"झाडाला काम काय?" मुलगा म्हणाला. "बुंध्याला भोक असतं, त्यातून बघत बसायचं. मी सगळा वेळ तुलाच बघत होतो. तू हसत होतीस. तोंडावर हात न धरता. तुला असं मी कधी बघितलं नाही. आधी वाटलं, दुसरीच कुणी बसलीय तुझ्या जागेवर." आणि मग, बुटाच्या नाडीकडे बघत, "काय झालंय, आई? मला सांगायचं नाहीये का?"

"मी अस्वलाला विचारलं," ती म्हणाली.

"काय?"

तिने सांगितलं. तेच, त्याच क्रमाने, अस्तरवाले, लग्न, माणूस बरा आहे. फक्त आता तिला समोरच्या फुगेवाल्याकडे बघत सांगावं लागलं. मुलाने मध्ये एकदाच विचारलं, "आपले अस्तरवाले?" ती हो म्हणाली.

"आणि अस्वल काय म्हणालं?"

"हो म्हणालं."

"ते सगळ्यांनाच म्हणतं. अस्वलाला 'नाही' नसतं, आई. आम्हाला शिकवतच नाहीत." त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो हसतही नव्हता. "मी रोज घरी होतो. मला का नाही विचारलंस?"

"तुला नाही म्हणता येतं म्हणून."

हे इतकं सरळ तोंडातून जाईल असं तिला वाटलं नव्हतं. मुलाने तिच्याकडे बघितलं. बापाचे डोळे होते, पण बाप असा कधी बघायचा नाही. त्याला कुणी दुखावलेलं तिने पाहिलंच नव्हतं. हा दुखावला होता. तिला वाटलं, त्याचा हात धरावा, पण तिने धरला नाही.

"मग आता विचार," तो म्हणाला.

ती विचारायलाच निघाली होती. करू का, हे शब्द तयार होते. पण ते काही बाहेर येईनात. एकदा विचारून झालं होतं, झुलून झालं होतं, त्या झुलण्याने जे वाटलं ते अस्वल परकं निघालं म्हणून पुसलं गेलेलं नव्हतं. पडद्यांचा रंगसुद्धा तिने ठरवला होता. "विचारत नाही आता," ती म्हणाली. "सांगते. मी लग्न करणार आहे. अस्तरवाल्यांशी."

मुलाने मान खाली घातली. "मला नाही आवडलं," तो म्हणाला. "का ते विचारू नकोस. मला धड सांगता यायचं नाही. पण नाही आवडलं."

"बरं."

"बरं काय? मी नाही म्हणतोय."

"ऐकलं रे. तू नाही म्हणालास, मी ऐकलं." तिला वाईट वाटत होतं. आणि तरी तिच्या बोलण्यात कापरं नव्हतं. ज्याची इतके दिवस भीती घातली होती स्वतःला, ते होऊन गेलं होतं आणि मुलगा अजून शेजारीच बसलेला होता. तिने पर्समधून फोन काढला, चष्मा वर केला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आधी चुकीचं कळवलं. मुलाला पसंत नाही. तारीख राहू द्या, रद्द करू नका."

"काय लिहितेस?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. एवढ्याशा मजकुराला लागतो त्यापेक्षा त्याला खूप जास्त वेळ लागला. मग त्याने फोन तिच्या हातातून घेतला, अंगठ्याने काहीतरी केलं, पाठवून टाकलं आणि तिला परत दिला, आणि तिच्याकडे न बघता बुटाच्या नाड्या बांधायला वाकला. तिने वाचलं. त्याने एकच शब्द घातला होता. मुलाला अजून पसंत नाही, असं तिथे लिहिलेलं होतं.